गुटगुटीत

माई : …आणि त्या खुर्चीवर बसू नकोस, तिचा पाय मोडलाय. तशी तुला सांगायला नकोच म्हणा. मोडलेलं तेवढं बरोबर दिसतं तुला, चांगलं दिसत नाही.

डॉक्टर : माई, मी बसायला आलो नाही. बाळाला बघायला आलोय.

माई : बघितलंस की गेल्या रविवारी. महिला मंडळाच्या स्पर्धेत, अख्ख्या रत्नागिरीसमोर बघितलंस. पोट दाबून बघितलंस, पाठ फिरवून बघितलंस, डोळ्यांत बॅटरी मारलीस. आणि एवढं सगळं बघून गुटगुटीत बाळाचा पहिला नंबर दिलास कुणाला, तर मिरकरवाड्याच्या त्या पोराला. बाळ कसलं ते, नुसती सुकट. माझ्या मंदारचं वजन सगळ्यांपेक्षा जास्त. काट्यावर चढवला तर बायका मान वाकडी करून आकडा वाचत होत्या. पण तुला काटा दिसला नाही. नाहीच दिसायचा. तुझ्या वडलांच्या दुकानात तांदूळ घ्यायला जायचो तेव्हा आम्हीच काट्यावर डोळा ठेवायचो.

डॉक्टर : वडील गेले माझे. त्यांचा काटा राहू दे आता. मी त्याच दिवशी वहिनींना सांगितलं होतं, उद्या सकाळी बाळाला दवाखान्यात घेऊन या. वाट बघितली. तुमचा सदू माझ्या वर्गातला, म्हणून आणखी वाट बघितली. शेवटी आज दुपारचा दवाखाना बंद ठेवून आलो.

माई : केवढे उपकार. मालिनी, डॉक्टर दवाखाना बंद ठेवून आलेत गो, पाट मांड, रांगोळी काढ.

मालिनी : माई, मी पाणी आणलंय त्यांना. घ्या डॉक्टर. मी येणार होते. दुसऱ्याच दिवशी निघाले होते.

माई : मी म्हटलं, जायचं नाही. लपवते की काय. नंबर द्यायचा नाही, चारचौघांत मान खाली घालायला लावायची, आणि वर दवाखान्यात बोलावून फी घ्यायची. बरा धंदा आहे. त्या दूधपावडरीच्या कंपनीने एक स्टीलचा डबा ठेवला होता बक्षीस म्हणून. डब्याला मी विचारत नाही, माझ्या माळ्यावर असले वीस पडलेत. पण मंडळाची मी चार वर्षं अध्यक्ष होते. त्या कुलकर्णीण बाईने माझ्याकडे बघून पदराआड हसावं?

डॉक्टर : त्याला मांडीवरून खाली ठेवा माई. इथे, दुपट्यावर.

माई : झोपलाय तो.

मालिनी : जागा आहे, माई. टकमक बघतोय.

माई : तू गप्प बस. आईच्या घरून पडवळ घेऊन आलीस, पडवळ. सावर्ड्याला बाळंतपण केलं त्यांनी, हौसेने केलं म्हणे. काय खायला घातलं कोण जाणे. इथे आला, माझ्या हाताखाली आला, तेव्हा कुठे अंग धरलंन. आता बघ म्हणावं पोट कसं आहे ते. शेटजीसारखं.

डॉक्टर : पोटच आहे. बाकी काय आहे सांगा. हे हात बघा, हे पाय बघा. मांडीला कातडी लोंबत्येय. तुमच्या मंडळाला काटा तेवढा वाचता येतो, मूल वाचता येत नाही. वजन आलं कुठून, हे एकीलाही विचारावंसं वाटलं नाही. एवढ्या बायका जमल्या होत्या, एकेकीने चार-चार मुलं वाढवलेली.

माई : आम्ही पोटाने जेवतो रघू. हातापायांनी जेवायची पद्धत तुमच्याकडे असेल.

मालिनी : डॉक्टर, मला एक सांगायचंय.

माई : आता तिला सांगायचंय.

मालिनी : हो, सांगायचंय. परवा त्याचा लंगोट बदलताना लालसर दिसलं. शू लालसर होती.

माई : झबल्याचा रंग गेला तो. सांगितलं ना तुला.

मालिनी : त्या दिवशी तुम्हीच त्याला पांढरं घातलं होतं. आणि आज सकाळी परत दिसलं. मी लंगोट धुतला नाहीये डॉक्टर, न्हाणीत बादलीखाली ठेवलाय. मी यांना मुंबईला ट्रंककॉल लावला. पोस्टात दीड तास बसले तेव्हा लागला. तर हे म्हणाले, आईने पाच बाळंतपणं काढलीत, तिच्यापेक्षा तुला जास्त कळतं का. आणि इथे माईंनी आळीभर सांगितलं की सुनेला लाल रंग दिसतो, तिचे डोळे तपासायला हवेत. मला खरंच वाटायला लागलं की माझं डोकं फिरलंय.

डॉक्टर : डोकं तुमचं ठिकाणावर आहे. या घरात बहुधा तुमचंच आहे. आणा तो लंगोट. आणि माई, त्याला खाली ठेवा. आता विनंती करत नाही.

(माई बाळाला दुपट्यावर ठेवतात. डॉक्टर हात चोळून गरम करतात, बाळाचं पोट तपासतात. मालिनी न्हाणीतून लंगोट आणते, तो डॉक्टर उजेडात धरून बघतात.)

मालिनी : काय आहे, डॉक्टर?

डॉक्टर : गाठ आहे. पोटाची नाही, मूत्रपिंडाची. मला स्पर्धेतच हाताला लागली होती. आता नीट लागली.

माई : गाठ. पाडव्याला साखरेच्या गाठी असतात तसली? हात लावला आणि गाठ लागली. एक्सरे नाही, काही नाही. डॉक्टर झालास की देवरुषी झालास?

डॉक्टर : एक्सरेही काढू. पण तो इथे नाही काढायचा, मुंबईला काढायचा. माझा एक मित्र तिथे लहान मुलांचा सर्जन आहे, त्याच्याशी बोललोय मी. त्यांच्याकडे ते नवं मशीनही आहे, आवाजावर आतलं चित्र दिसतं. उशीर नको एवढंच त्याने दोनदा सांगितलं.

मालिनी : कॅन्सर का?

डॉक्टर : ऐका वहिनी, खोटं सांगत नाही आणि भीतीही घालत नाही. एवढ्या लहान बाळांत, अगदी जन्मल्यापासून, मूत्रपिंडात एक गाठ होते. फार क्वचित. मी पुस्तकात वाचलीय, हाताला लागली ती ही पहिली. दिसायला भयंकर, पोट भरून टाकते, पण स्वभावाने सहसा गरीब असते. त्या बाजूचं मूत्रपिंड गाठीसकट काढून टाकलं की मूल बरं होतं. पुढे औषधंसुद्धा लागत नाहीत पुष्कळदा. दुसऱ्या एका जातीची गाठ असते, ती वाईट. कुठली आहे ते काढून, तपासून कळेल. त्याच्या आधी शपथेवर कोणी सांगणार नाही. पण वय बघता मला आशा आहे. चांगली आशा आहे.

माई : वा, वा. मूत्रपिंडच काढायचं. आंब्याची पेटी वाटली काय रे तुला? एक डागी निघाला, उचलला, बाहेर फेकला.

डॉक्टर : हो, तसंच. तुमची बाग आहे, तुम्हाला मी काय सांगू. डागी आत ठेवला तर पेटीचं काय होतं?

मालिनी : एकावर जगेल तो?

डॉक्टर : एकावर अख्खं आयुष्य जगतात माणसं. शाळेत जाईल, समुद्रात पोहेल, लग्न करेल. आजीशी भांडेल. दुसरं चांगलं आहे की नाही तेवढं आधी बघून घेतील.

माई : ऐकतेस ना मालिनी? लग्नापर्यंत पोचवलंन त्याने. स्पर्धेत शेवटचा नंबर आणि आता एकदम बोहल्यावर. अगो, ह्यांचं असंच असतं. आधी घाबरवायचं, मग आपणच धीर द्यायचा, मग मुंबईच्या मित्राकडे धाडायचं. मित्र अर्धं घेतो, हा अर्धं घेतो. तीन महिन्यांच्या मुलाला सुरी लावणार म्हणे. मी बरा करत्ये त्याला. हिंगाचा लेप लावत्ये बेंबीभोवती, रोज गुटी उगाळून देत्ये, सकाळ-संध्याकाळ कोमट एरंडेल लावून पोट चोळत्ये. आपलं आपण मऊ पडेल.

डॉक्टर : काय करता?

माई : ऐकू येत नाही का? चोळत्ये. पोट चोळलं नाही असं कोकणातलं एक मूल दाखव मला. तुझंसुद्धा चोळलं असेल तुझ्या आजीने, त्याशिवाय एवढा माजला नसतास.

डॉक्टर : आजपासून त्या पोटाला बोट लावायचं नाही. तुम्ही नाही, न्हाऊ घालणारीने नाही, कोणी नाही. आंघोळ घालताना नुसतं पाणी सोडायचं. माई, ती गाठ पातळ पिशवीत असल्यासारखी असते. जोर लावून चोळली आणि आतल्या आत फुटली, तर ना मी काही करू शकणार, ना मुंबईचा मित्र. मुंबईच्या इस्पितळात अशा मुलांच्या खाटेवर पाटी लावतात, पोटाला हात लावू नये म्हणून. डॉक्टरांनीसुद्धा लावू नये. आणि तुम्ही इथे सकाळ-संध्याकाळ कणीक मळताय.

माई : ओरडू नकोस माझ्या घरात.

डॉक्टर : ओरडणार. एक सांगा मला. मऊ पडेल म्हणालात आत्ता. काय मऊ पडेल?

माई : काय म्हणजे? पोट.

डॉक्टर : शेटजीचं पोट मऊच असतं. दूधतुपाने आलेलं पोट मऊच असतं. हिंगाचा लेप गुटगुटीत बाळाला कशाला लागतो?

माई : वारा धरला होता.

डॉक्टर : कुठल्या बाजूला धरला होता वारा?

मालिनी : माई?

डॉक्टर : मी अजून कुठली बाजू ते बोललो नाही. वहिनींनाही सांगितलं नाही. कुठल्या बाजूला, माई?

माई : डावीकडे.

मालिनी : माई…

माई : डावीकडे, बरगडीच्या खाली. सावर्ड्याहून आला त्या दिवशी मीच न्हाऊ घातलं, तेव्हा लागलं हाताला. कोवळ्या कैरीएवढं होतं. आता आहे ते त्याने बघितलंच.

मालिनी : म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं. पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. आणि तुम्ही माझ्या आईला नावं ठेवत बसलात, पडवळ म्हणून. मला रंग दिसतो म्हणून हसलात. येणाऱ्या-जाणाऱ्याला त्याचं झबलं वर करून पोट दाखवत होतात, ये गो बघ, माझ्या नातवाचं बाळसं बघ. लाज नाही वाटली तुम्हाला? मला माझ्याच मुलाच्या बाबतीत वेडी ठरवलंत. कोंबडं झाकून ठेवलं म्हणून उजाडायचं राहतं का, माई? मी रात्र-रात्र त्याच्या पोटावर हात ठेवून जागी आहे, आणि तुम्ही शेजारच्या खोलीत सगळं माहीत असून पडला होतात.

माई : झोपत नव्हते मी.

मालिनी : मग उठून यायचं होतंत.

डॉक्टर : वहिनी, जरा थांबा. माई, मला एक कळत नाही. लपवायचंच होतं तर त्याला स्पर्धेत कशाला आणलंत? दहा जणींनी हातात घेतला असता. मी परीक्षक आहे हे तुम्हाला माहीत होतं. पत्रिकेवर नाव होतं माझं.

माई : होतं म्हणूनच आणला.

डॉक्टर : म्हणजे?

माई : तुला डॉक्टरकी शिकवली कोणी रे, एवढं कळत नाही तर? दवाखान्यात नेलं असतं तर तू तोंडावर सांगितलं असतंस, काय आहे ते. स्पर्धेत फार तर नंबर दिला नसतास. मी म्हटलं, हा सगळ्या पोरांच्या पोटावरून हात फिरवणार. ह्याच्याही फिरवू दे. काही नसलं तर नंबर देईल आणि माझा जीव भांड्यात पडेल. मग मीच म्हणेन, वारा होता. तुझा हात फिरता फिरता थांबला तिथे, डावीकडे. मी तुझ्या हाताकडेच बघत होते, काट्याकडे नव्हते बघत. आणि मग तू त्या सुकटीला नंबर दिलास.

डॉक्टर : मग काय करायचं होतं मी? गाठीच्या वजनाला पहिला नंबर देऊन हार घालायचा होता? फोटो काढायचा होता तुमच्या मंडळासाठी? तिथे लाउडस्पीकर कोकलत होता, बायका डब्यावरून भांडत होत्या, तिथे हे बोलायचं होतं? वहिनींना म्हटलं, घेऊन या. घरात एवढी शहाणी बाई आहे, अडवून ठेवेल असं मला वाटलं नाही.

माई : हात दाखवून अवलक्षण केलं मी. कळलं ना? झालं तुझं समाधान? घरी येऊन तुला शिव्या घातल्या, आळीत घातल्या, देवळात घातल्या. जितक्या शिव्या घालाव्या तितकं वाटायचं की तूच खोटा. खोट्याचं पोर खोटं, मापात मारणारं. दोन दिवस बरं वाटलं. मग परत आंघोळीला घेतला की हाताला लागायचंच.

मालिनी : पण का, माई? ह्यांना सांगायचंत. मला सांगायचंत. मी काय केलं असतं, डॉक्टरांकडेच नेलं असतं ना?

माई : सदूच्या आधी एक होता माझा.

मालिनी : काय?

माई : सदूला नाही माहीत. घरात त्याचं नाव कोणी काढत नाही. काढून काय करायचं. असाच होता. गोरा, असाच टकमक बघणारा. पोट हे एवढं. सगळी आळी बघायला यायची, काय गो बाळसं, काय खाल्लंस म्हणून विचारायच्या. सासूबाई दृष्ट काढून दमायच्या. मी आपली खूश. मिरवायची. मग हात वाळले, पाय वाळले, मान धरेना. तरी बायका म्हणायच्याच, पोट तर चांगलं आहे. शेवटी नुसतं पोट राहिलं. डॉक्टरला आणला नाही कोणी. आणायचं काय म्हणून? बाळ तर गुटगुटीत.

डॉक्टर : माई, ते हेच होतं असं मी म्हणणार नाही. पोट मोठं व्हायला शंभर कारणं असतात. आता इतक्या वर्षांनी ते कोणालाच सांगता येणार नाही.

माई : मी विचारलं का तुला?

डॉक्टर : नाही विचारलंत. तरी सांगतो. आणि ही गाठ रक्तातून येत नाही. तुमच्या घराण्याची नाही, वहिनींच्याही नाही. सावर्ड्याच्या जेवणाचा तर मुळीच संबंध नाही.

मालिनी : मला हे सगळं आता नको आहे. माई, तुमचं ऐकून मला वाईट वाटतंय, खरंच वाटतंय. पण रागही जात नाहीये माझा आणि तो आज जायचाही नाही. डॉक्टर, कधी निघायचं ते सांगा. ह्यांना मी विचारत नाही. पोचल्यावर कळवेन.

डॉक्टर : माझ्या मेव्हण्याची गाडी चार वाजता निघतेय मुंबईला. मागची सीट तुमच्यासाठी ठेवायला सांगितलीय. एस.टी.ने नको, हादरे नकोत त्याला. मी चिठ्ठी देतो सर्जनच्या नावाने, आणि सदूच्या बँकेत फोन मीच करतो. मला चार शब्द बोलायचेत त्याच्याशी, पाच बाळंतपणांबद्दल.

माई : सदूला बोल. पण आधी त्याच्या आईला बोल, ती पुढ्यात बसलीय. मालिनी, उभी काय राहिलीस अशी? जाड दुपटं घे, ते पातळ नको. गाडीत वारा लागतो. पेजेचा थर्मास घे तुला. दूध अंगावरचंच दे, त्या बाटल्या-बिटल्यांच्या नादी लागू नकोस. मुंबईतल्या नर्सा लगेच बाटली तोंडात खुपसतात. आणि तुझ्या आईला सावर्ड्याला निरोप धाड, तिला गाडीत घे वाटेत. हायवेवरच घर आहे तिचं. ती हवी तिथे तुझ्यापाशी. मी नको.

मालिनी : आईला घेतेच. तुम्हीही येणार आहात.

माई : मी कशाला? माझ्या हाताची अवलक्षणं झाली ना सांगून.

मालिनी : त्याला रात्री तुमच्याच मांडीवर झोप लागते म्हणून. माझ्यासाठी नाही बोलावत.

माई : बघ, सून म्हणजे कशी असते ते. रघू, ऐकलंस ना? साधं या म्हणत नाही.

डॉक्टर : ऐकलं. तुम्हाला साधं या म्हटलेलं कळतं तरी का? आवरा. साडेतीनला मी गाडी दारात आणतो. वहिनी, तो लंगोट कागदात गुंडाळून बरोबर द्या, त्यांना दाखवायला लागेल.

मालिनी : गुंडाळते. माई, तोवर त्याला घ्या. रडायला लागलाय.

माई : मी नाही घेत.

मालिनी : का?

माई : कसा उचलू? पोटाला हात लागेल.

डॉक्टर : असा घ्या. एक हात मानेखाली, एक ढुंगणाखाली. हां. पोट मोकळं ठेवायचं. बघा, थांबला की.

माई : जा तू आता मालिनी, आवर तुझं. रघू, तू थांब जरा.

डॉक्टर : बोला.

माई : रोज चोळत होते मी. जोर लावून चोळायची, जाईल म्हणून. तो कळवळून रडायचा आणि मी म्हणायची, रड, वारा मोकळा होईल. त्याला दुखत होतं का रे?

डॉक्टर : नाही माई. ह्या गाठी बहुतेक दुखत नाहीत.

माई : बहुतेक म्हणू नकोस रे. नाही म्हण.